कट्यारीची मूठ आणि पेटंटचा दावा

तंजावरच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारातून बाहेर गेलेल्या कट्यारी आज चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये पाहायला मिळतात. तंजावरी घडणीच्या कित्येक कट्यारींचे पाते मूळचे युरोपातले आहे. विलायती तलवारीच्या पात्याचा तुकडा घ्यायचा, मुठीतून पुढे आलेल्या पोलादी पट्ट्यांच्या मध्ये तो सरकवायचा आणि आरपार खिळे ठोकून पक्का करायचा, अशी ही रचना. नायक राजांच्या काळात ही कारागिरी भरात होती. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी घेतली तेव्हा हे शस्त्रागार भोसल्यांच्या ताब्यात आले.

अशी वस्तू दाखवली की एक प्रतिक्रिया हमखास येते: हे तर आमच्याकडे शेकडो वर्षांपूर्वीच होते, मग पाते धरणाऱ्या साधनावर आज कुणी पेटंट कसे मागू शकतो? दुसऱ्या बाजूला पेटंट मिळवून देणाऱ्यांचा तितकाच ठाम समज असतो की संगणकावरच्या पेटंट-संग्रहात जे सापडत नाही ते नवेच. माझ्या मते हे दोन्ही समज उथळ आहेत, आणि दोघांचे मूळ एकच आहे. पूर्वज्ञान, म्हणजे वकील ज्याला प्रायर आर्ट म्हणतात ते, ‘असे काहीतरी होते’ एवढ्यावर ठरत नाही. दाव्यातला प्रत्येक घटक एकाच जुन्या वस्तूत किंवा लेखात, त्याच जुळणीत होता का, आणि ते आज तारखेनिशी दाखवता येते का, यावर ते ठरते. हे मान्य केले तर आपल्या अभिमानाची जागा बदलते. वारसा असण्यापेक्षा वारशाची यंत्रशास्त्रीय नोंद असणे महत्त्वाचे ठरते, आणि तिथे आपण फार मागे आहोत.

वाद नेमका कशावर असतो

पेटंटच्या कागदात वर्णन कितीही लांबलचक असो, कायद्याच्या दृष्टीने जीव असतो तो शेवटच्या क्रमांकित दाव्यांत. दावा म्हणजे मालकीची कुंपणरेषा. ती एका वाक्यात आखलेली असते आणि त्या वाक्यातला प्रत्येक शब्द मोजला जातो. उदाहरणादाखल एक दावा मीच रचतो: मागेपुढे चालणाऱ्या हातकरवतीच्या यंत्रात पाते धरणारे साधन, ज्यात समोरासमोर दोन जबडे आहेत, पात्याच्या शेपटाला बसेल अशी खाच आहे, जबडे दाबून ठेवणारी स्प्रिंग आहे, आणि पाना किंवा स्क्रूड्रायव्हर न लावता नुसत्या बोटाने पाते सुटेल अशी कळ आहे.

हा दावा नवा आहे का, याची तपासणी दोन पायऱ्यांत होते आणि त्या एकमेकींत मिसळू देता येत नाहीत.

पहिली पायरी नावीन्याची. जुन्या कोणत्याही एकाच स्रोतात हे चारही घटक, याच जुळणीत आणि कुशल कारागिराला करता येईल इतक्या स्पष्टपणे आले असतील, तर दावा नवा नाही. जबडे एका पुस्तकातून, स्प्रिंग दुसऱ्या यंत्रातून आणि कळ तिसऱ्या पेटंटमधून आणून जोडून दाखवणे या पायरीवर चालत नाही. एकच स्रोत पुरा पडला पाहिजे.

दुसरी पायरी कल्पकतेची. दावा नवा असला, तरी त्या धंद्यातल्या सराईत माणसाला तो सहज सुचला असता का? इथे मात्र स्रोत जोडता येतात, अट एवढीच की कारागिराला ते जोडण्याचे कारण असले पाहिजे.

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ६४ मध्ये पेटंट रद्द करण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत या दोन पायऱ्या वेगवेगळ्या पोटकलमांत आहेत. तरीही अपिलांत बहुतेक गोंधळ होतो तो इथेच. विरोधक जुन्या वस्तूंचा ढीग उभा करतो आणि म्हणतो, बघा, यात नवे काय आहे? त्या ढिगातल्या एकाही वस्तूत चारही घटक एकत्र नसतील, तर नावीन्याच्या प्रश्नावर तो ढीग निरुपयोगी असतो. पाते पकडण्याच्या साधनांवरचे खटले वाचताना लक्षात येते की जुने साधन होते की नव्हते, यावर तिथे फारसा वाद नसतो. वाद असतो तो दाव्यातल्या ‘जबडा’ या शब्दात जुन्या यंत्रातली स्क्रूने दाबलेली पट्टी बसते का, यावर. शब्दाची व्याप्ती वाढवली की दाव्याचे क्षेत्र वाढते, पण त्याच क्षणी जुन्या वस्तू त्या क्षेत्रात शिरतात आणि दावा कोसळतो.

कट्यारीवर ही कसोटी

आता तंजावरची कट्यार या दाव्यासमोर ठेवू. समोरासमोरचे जबडे आहेत का? दोन पोलादी पट्ट्या पात्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात, म्हणजे आहेत. पात्याच्या मागच्या टोकासाठी जागा आहे का? आहे; त्या पट्ट्यांमधली फट हीच ती जागा. दाब देणारी स्प्रिंग नाही. हाताने सुटणारी कळही नाही. खिळे ठोकलेले पाते काढायचे तर खिळ्यांची डोकी छिन्नीने उडवावी लागतील. चारातले दोन घटक मिळाले. कायद्याच्या भाषेत या कट्यारीने माझा काल्पनिक दावा हिरावून घेतलेला नाही, आणि ती घेते असे अभिमानापोटी म्हणणारा माणूस न्यायालयात पाच मिनिटांत उघडा पडेल.

पण उद्या कुणी फार मोठा दावा केला, तर? समजा, त्याने लिहिले की दोन समांतर भुजांमध्ये पाते घेऊन आरपार जाणाऱ्या बंधनाने ते पक्के करणारे कोणतेही साधन माझे. त्या दाव्यातला प्रत्येक शब्द सोळाव्या-सतराव्या शतकातल्या त्या कट्यारीला लागू पडतो. तिथे ती कट्यार एकटीच पुरेशी आहे.

म्हणून ‘आमच्याकडे होतेच’ हे विधान खरे की खोटे, हा प्रश्नच अपुरा आहे. काय होते, कोणत्या घटकांसकट होते, आणि समोरचा माणूस नेमके काय मागतो आहे, हे ठरल्याशिवाय त्या विधानाला वजन येत नाही. घटकवार पाहण्याची सवय लागली की जुन्या वस्तूही जास्त बोलतात. हिंदुस्थानी तलवारीत पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत घालून वर तापलेली राळ किंवा लाख ओतायची पद्धत होती. राळ गार झाली की पाते घट्ट बसते, तापवली की सुटते. खांडा आणि मराठ्यांची फिरंग यांच्या मुठीपासून पात्याच्या कडांना आधार देणाऱ्या पट्ट्या पुढे येतात. पाते धरण्याच्या या दोन तत्त्वतः वेगळ्या वाटा आहेत, एक चिकटवण्याची आणि दुसरी यांत्रिक पकडीची. संग्रहालयातल्या फलकावर मात्र दोन्ही शस्त्रांखाली काळ आणि प्रदेश एवढेच लिहिलेले असते.

वस्तऱ्याचे पाते

पाते धरण्याच्या साधनावरचा पेटंटच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध वाद दाढीच्या वस्तऱ्याचा आहे. किंग कॅम्प जिलेटला अमेरिकेत १९०४ साली पेटंट मिळाले. त्याचे पाते इतके पातळ होते की धारकाने दाबून धरल्याशिवाय त्याच्या धारेला ताठपणा येत नसे. पाते स्वस्त, फेकून देण्याजोगे, बळकटी धारकाची. इंग्लंडमध्ये त्याच्या कंपनीने एका प्रतिस्पर्ध्यावर दावा लावला आणि तो १९१३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला.

तिथे लॉर्ड मोल्टन यांनी मांडलेला तर्क आजही जगभरच्या पेटंट वकिलांना तोंडपाठ असतो. प्रतिवादीचा वस्तरा बटलर नावाच्या माणसाच्या जुन्या वस्तऱ्यापासून म्हणण्याजोगा वेगळा नव्हता. मग दोनच शक्यता उरतात. जिलेटचा दावा इतका रुंद असेल की प्रतिवादीचा वस्तरा त्यात येतो, तर बटलरचा जुना वस्तराही त्यात येतो, म्हणजे दावा जुन्या गोष्टीवर आहे आणि टिकत नाही. किंवा दावा इतका अरुंद असेल की बटलरचा वस्तरा बाहेर राहतो, तर प्रतिवादीचाही बाहेर राहतो आणि उल्लंघन झालेले नाही. जो जुन्याप्रमाणे वागतो, त्याला दुसऱ्याचे पेटंट अडवू शकत नाही.

या तर्कात छोट्या कारखानदाराला मिळणारे संरक्षण फार मोठे आहे. आपले यंत्र जुन्या यंत्रासारखेच आहे, हे दाखवणे त्याला पुरते. समोरच्याचे पेटंट शब्दाशब्दाने फोडण्याचा खर्च वाचतो. पण त्यासाठी ‘जुने यंत्र’ त्याच्या हातात असावे लागते. बटलरचा वस्तरा लिखित तपशिलासह पेटंट कार्यालयात नोंदलेला होता, म्हणून तो न्यायालयापुढे ठेवता आला. एखाद्या न्हाव्याच्या पेटीत पडून राहिलेला असता, तर लॉर्ड मोल्टन यांचा तर्क कितीही धारदार असला तरी लावायला काही मिळाले नसते.

मिर्झापूरची भांडी

भारतातला सर्वांत महत्त्वाचा निवाडाही पकडण्याच्या साधनाचाच आहे, ही गोष्ट फारशी कुणी बोलून दाखवत नाही. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. पेटंट वाचणाऱ्या प्रत्येक वकिलाला हा खटला माहीत असतो. तो ज्या कामाबद्दल आहे ते काम करणाऱ्या कारागिरांना तो ठाऊक असण्याची शक्यता कमी आहे.

मिर्झापुरात पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनत. लेथवर भांडे फिरवून खरवडायचे आणि झिलई करायची. भांडे हेडस्टॉकला, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकाला, धरून ठेवण्याच्या दोन जुन्या रीती होत्या: उष्णतेने मऊ होणाऱ्या लाखेसारख्या मिश्रणाने चिकटवणे, किंवा चकच्या जबड्यांत आवळणे. दोन्हींत फिरणारे भांडे निसटून कारागिराच्या अंगावर येण्याचा धोका असे. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजच्या एका भागीदाराने उपाय काढला. समोरून टोकदार टेलस्टॉक आणायचा आणि त्याने भांडे हेडस्टॉकवर दाबून धरायचे. १९५१ साली या साधनाचे पेटंट घेण्यात आले आणि शहरातल्याच दुसऱ्या व्यावसायिकाविरुद्ध दावा दाखल झाला.

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते परत जिवंत केले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा रद्द केले. न्यायमूर्ती सरकारिया यांच्या निकालाचा गाभा असा: टेलस्टॉक हा लेथचा सर्वांना ठाऊक असलेला भाग आहे, त्याने वस्तू दाबून धरणे हा माहीत असलेल्या साधनाचा नेहमीच्या रीतीने केलेला वापर आहे, वर्कशॉपमधल्या रोजच्या सुधारणेपलीकडे शोध म्हणावा असे काही त्यात नाही. शिवाय न्यायालयाने हेही स्पष्ट केले की पेटंट मंजूर झाले म्हणजे ते वैध असल्याची हमी मिळाली असे होत नाही.

हा निकाल मला बरोबर वाटतो. पण त्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. १९११ च्या कायद्यानुसार पेटंटची मुदत सोळा वर्षांची होती, म्हणजे ते १९६७ लाच संपलेले होते. अंतिम निकाल त्यानंतर अकरा वर्षांनी आला. दरम्यानच्या काळात भांडी घडवणाऱ्या माणसाला आपण रोज करतो ते काम कायदेशीर आहे की नाही, हे सांगणारे कुणी नव्हते. भांडे टेलस्टॉकने दाबून धरणारी एखादी जुनी कार्यशाळा चित्रासह कुठे नोंदलेली असती, तर हा वाद परीक्षकाच्या टेबलावरच मिटला असता. साधन लोकांना माहीत होते, पण ते माहीत असल्याचा पुरावा साक्षीदारांच्या तोंडून, तुकड्यातुकड्याने काढावा लागला.

तलवारीच्या मुठीतली लाख आणि भांड्याखालची लाख, कट्यारीच्या पट्ट्या आणि चकचे जबडे. धरण्याच्या या दोन वाटा आपल्या कारागिरीत शतकानुशतके समांतर चालत आल्या. कुणीतरी त्या शेजारी मांडून दाखवायला हव्या होत्या.

मराठी वाचकाला जवळचे असे आणखी एक उदाहरण आहे, त्याचा ओझरता उल्लेख पुरे. पुण्याच्या बजाज ऑटोने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावरील पेटंटवरून २००७ मध्ये चेन्नईच्या टीव्हीएसला मद्रास उच्च न्यायालयात ओढले. तिथेही बचावात एक जुने होंडा पेटंट पुढे आले. दोन प्लग जुने, पण लहान व्यासाच्या सिलिंडरमध्ये ते बसवणे नवे की नाही, हा वाद. २००८ मध्ये मनाई मिळाली, २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. पैसा आणि वकील दोघांकडे होते, म्हणून ही लढाई दोघांना परवडली.

हळदीचा धडा कोणता

‘आमच्याकडे होतेच’ म्हणणारे नेहमी हळदीचे नाव घेतात. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते आणि लढाई त्या परिषदेनेच लढवली. पण ती कशाने जिंकली, याचा विसर पडतो. आजीबाईच्या बटव्याच्या आठवणींनी ती जिंकलेली नाही. परिषदेने बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथ होते, आणि १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला लेखही होता. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातल्या नुसत्या वापराला किंमत नव्हती, छापील लेखालाच होती. ही अट २०१३ मध्ये बदलली. तोपर्यंत भारतातल्या कोट्यवधी घरांत रोज होणारी गोष्ट अमेरिकी परीक्षकासमोर अस्तित्वातच नव्हती.

कडुनिंबाच्या बुरशीनाशकावरच्या युरोपीय पेटंटमध्ये वेगळे घडले. तिथे वापर कुठेही झालेला असला तरी चालतो. एका भारतीय कारखानदाराने आपण ते कसे बनवतो, याची तपशीलवार साक्ष दिली. २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तो निर्णय टिकला. म्हणजे तोंडी ज्ञानही जिंकू शकते, पण प्रक्रियेचे टप्पे सांगणारा माणूस आणि त्याची तारीख, दोन्ही लागतात.

या दोन लढायांच्या पार्श्वभूमीवर भारताने पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारले. २००१ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आयुर्वेद, युनानी, सिद्ध, सोवा रिग्पा आणि योग यांवर उभा आहे. त्याचे मोल मोठेच आहे. पण त्यात औषधांची सूत्रे आहेत. कट्यारीची मूठ, लेथचा चक किंवा कोयत्याच्या दांड्याची बांधणी नाही. यंत्र आणि हत्यार यांचे पूर्वज्ञान आपण राष्ट्रीय वारसा मानायलाच विसरलो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की ही घटकवार चिरफाड म्हणजे वकिली कीस आहे. ज्ञान सर्वांचे असताना त्याचे तुकडे का करायचे? मला उलट वाटते. ही चिरफाड नसेल तर दोन्हीकडे अन्याय होतो. रुंद दावा करणाऱ्याला अडवायला काही राहत नाही, आणि खरोखर नवी कळ शोधणाऱ्या तंजावरच्या किंवा इचलकरंजीच्या फिटरला ‘हे जुनेच आहे’ म्हणून वाटेला लावता येते. कट्यार जुनी असल्याने हाताने सुटणारी पकड जुनी होत नाही. त्या फिटरचा हक्क नाकारायला आपला इतिहास वापरणे हा इतिहासाचाही अपमान आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. लिहिता-वाचता येणाऱ्यांचेच ज्ञान पुरावा ठरत असेल, तर न लिहिणाऱ्या कारागीर जातींचे ज्ञान कायद्याबाहेरच राहील. ही भीती खरी आहे. भारतीय पेटंट कायद्याने ती ओळखलीही आहे: कलम २५ मध्ये स्थानिक किंवा आदिवासी समूहाकडे तोंडी असलेले ज्ञानही विरोधाचा आधार ठरते, आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती असा विरोध करू शकते. पण तरतूद आहे म्हणजे पुरावा मिळाला असे होत नाही. परीक्षकाला कालावधी हवा असतो, सातत्य हवे असते, रचना समजेल असे चित्र हवे असते. आणि पेटंट कार्यालयाला कागद इंग्रजीत किंवा हिंदीत लागतात. न लिहिणाऱ्यांवरचा अन्याय दूर करायचा असेल तर त्यांच्या वतीने लिहिणे हाच उपाय आहे. नाच्चियारकोविलच्या पितळी समयांचे सुटे भाग एकमेकांत कसे बसतात, हे ओतारी पाथर कुटुंबांना नीट ठाऊक आहे. त्या समयांना आणि तंजावरच्या वीणेला मिळालेले भौगोलिक मानांकन नावाचे रक्षण करते. जोडणीचे तंत्र दुसऱ्या कुणी आपल्या नावावर लावले, तर मानांकन काहीही करू शकत नाही.

तिसरा आक्षेप: सगळे उघड लिहिले तर चोर जास्त होतील. व्यापारी गुपित असेल तर ते जपावे, त्यात वावगे नाही. पण मुळातच सर्वांसमोर असलेली रचना लिहून ठेवल्याने चोरी वाढत नाही, उलट तिच्यावर मालकी सांगण्याची वाट बंद होते. प्रसिद्ध झालेल्या तारखेनंतर ती कुणालाच एकट्याला मिळवता येत नाही. न लिहिलेली रचना मात्र मिर्झापूरसारखी वीस-पंचवीस वर्षे कोर्टात अडकून पडू शकते.

चौथा आक्षेप तंत्रज्ञांचा. आता सगळे शोध संगणकावरच होतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात करवतीच्या पात्यांच्या बसवणुकीला बी २३ डी ५१ असा स्वतंत्र वर्ग आहे, परीक्षक तो उघडतो, पाहतो, संपले. नेमके तेच माझे म्हणणे आहे. त्या वर्गात पेटंटे आहेत. संग्रहालयातली शस्त्रे नाहीत, मोडी रुमाल नाहीत, भांड्यांच्या कार्यशाळा नाहीत. परीक्षक तिथे शोधत नाही याचा दोष त्याचा नाही. शोधता येईल असे तिथे काही ठेवलेले नाही.

तंजावरने नोंद कशी करावी हे आधीच दाखवले आहे

ही अपेक्षा तंजावरकडून करण्यात एक न्याय आहे. दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांनी याच गावात नोंदीची संस्कृती उभी केली होती. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी इतिहास कोरवला. देवनागरी टाइपचा छापखाना काढला आणि त्यातून मराठी पुस्तके छापली. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग लिहून ठेवले. डोळ्यांच्या रुग्णांच्या ज्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात टिकल्या आहेत, त्यांत रोगाचे वर्णन आहे, उपचार आहे आणि डोळ्याची रंगीत चित्रेही आहेत. पूर्वज्ञानाच्या पुराव्याला जे लागते, ते सारे तिथे आहे: काय केले, कशावर केले, आणि दुसऱ्याला समजेल असे चित्र.

त्याच गावातल्या शस्त्रागाराचे नशीब वेगळे निघाले. १८५५ मध्ये वारस नसल्याचे सांगून ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले. पुढच्या दशकात मद्रास सरकारने शस्त्रागार मोडीत काढले. निवडक वस्तू संग्रहालयासाठी ठेवल्या आणि बाकीचे बरेच भंगार म्हणून गेले. एम. जे. वॉलहाउस या अधिकाऱ्याने १८७८ मध्ये इंडियन अँटिक्वरीत त्यावर लेख लिहिला, म्हणून आपल्याला तेवढे तरी कळते. पाते मुठीत कसे धरले होते, याची किती उत्तरे त्या भंगाराबरोबर वितळली, ते आता कधीच कळणार नाही. कलेचे नुकसान म्हणून त्याची खंत केली जाते; तंत्राच्या पुराव्याचे नुकसान म्हणून ती कुणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

जे उरले आहे ते थोडके नाही. सरस्वती महालात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत आणि भोसल्यांच्या कारभाराचे मोडी दप्तर आहे. दरबारी दप्तरात खर्चाचे तपशील असतात: कुणाला कोणत्या कामाचे पैसे दिले, कोणते सामान आणले. राज्यकर्त्यांच्या वंशावळी शोधण्यासाठी ही कागदपत्रे वाचली गेली. लोहाराचा, ओताऱ्याचा, सुताराचा हिशेब शोधण्यासाठी ती क्वचितच उघडली गेली. दिनांक असलेला असा एक कागद आणि संग्रहालयातली त्याच रचनेची एक वस्तू शेजारी ठेवली, तर रुंद दावा करणाऱ्या कोणत्याही अर्जापुढे तो पुरावा उभा राहू शकतो. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झाल्यापासून चेन्नईच्या पेटंट कार्यालयाच्या निर्णयावरचे अपील मद्रास उच्च न्यायालयात चालते. तंजावरचा पुरावा ऐकणारे न्यायपीठ तंजावरच्याच राज्यात बसते.

म्हणून तीन ठिकाणच्या माणसांना माझी विनंती आहे. चेन्नईच्या संग्रहालयाने तंजावरच्या प्रत्येक कट्यारीच्या आणि फिरंगेच्या मुठीचे क्ष-किरण चित्र घ्यावे, मोजमापासह रेखाचित्र काढावे, पाते कसे धरले आहे ते इंग्रजीत लिहावे आणि तारखेसह प्रसिद्ध करावे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतून मोडी शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी तंजावरच्या दप्तरातली कारखान्यांची आणि कारागिरांची प्रकरणे आधी हाती घ्यावीत. आणि औषधांसाठी ग्रंथालय उभारणाऱ्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हत्यारे आणि यंत्रे यांचे दालन त्यात उघडावे.